३५० रुपयांची कुऱ्हाड

मंडळी, ही हातकुऱ्हाड मी आठवडी बाजारातून ३५० रुपयांना आणली. लाल रंग, चकचकीत दांडा. घरी येऊन बाभळीच्या वाळक्या फांदीवर घाव घातला, तर फांदीला नुसता वळ उठला. विकणाऱ्याला कशाला बोल लावायचा? या किमतीत अर्धीच कुऱ्हाड मिळते. उरलेली अर्धी आपण करायची.

पातं कडेने बघा. धारेशी जाड, छिन्नीसारखं. कडेशी साधारण ३० अंशांचा कोन हवा आणि तिथून मागे हलकंसं पोट.

पहिला मोह होतो ग्राइंडरचा. आमच्या गल्लीतल्या एका पोराने तेच केलं. ठिणग्या झकास उडाल्या, पण धारेवर मोरपिशी निळा पट्टा उमटला. निळं दिसलं की समजा, लोखंड ३०० अंशांच्या घरात जाऊन आलं आणि त्याला दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. आता तेवढी कड घासून टाका, नाहीतर लोहाराकडे जा.

त्यापेक्षा दहा इंची सपाट कानस घ्या. कुऱ्हाड शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळा. कानशीला खडू चोळा, म्हणजे कीस दातांत बसत नाही. धारेवर मार्करची रेघ ओढा. जिथली शाई उरली तिथे कानस पोचलीच नाही. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना उचलायची. हातमोजा घाला, कारण हात धारेकडेच जातो. कानस नुसती घसरली तर पोलाद कडक आहे. स्वस्त कुऱ्हाडीत ती बहुधा लोखंड खाते. लोक याला खोट म्हणतात. मला सोय वाटते, रानातसुद्धा धार लावता येते. पलीकडच्या बाजूला वळलेली बारीक कड नखाला अडकली की बाजू बदला. मग कार्बोरंडमचा धारेचा दगड, शेवटी जुना चामडी पट्टा. झालं.

दांड्यावरचं व्हार्निश हाताला फोड आणतं. फुटक्या काचेने खरवडा आणि जवसाचं तेल मुरवा. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण झाडांच्या बाजूची. आपला काळ म्हणजे सैल दांडा. सैल झाला की आपण कुऱ्हाड बादलीत बुडवतो. लाकूड फुगतं, पात्याच्या नेढ्यात (भोकात) दाबलं जातं, आणि वाळलं की आधीपेक्षा बारीक होतं. पुढचा घाव, आणि पातं कुणाच्या तरी नडगीवर! पाण्याऐवजी हे करा: पातं खाली लोंबतं राहील अशी कुऱ्हाड हवेत धरा आणि दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारा. पातं दांड्यावर वर चढत येतं, डोळ्यांदेखत. मग सुकलेल्या धावड्याची पाचर ठोका.

तुम्ही, मागचे चष्मेवाले, या पुढे. हातोडा घ्या. पण आधी चपला काढून बूट घाला.