व्हेनियर: आधी एनॅमल, मग हसू

बोटाच्या टोकावरचा हा तुकडा बघा. आकार दाताच्या पुढच्या बाजूचा, मागून किंचित खोलगट. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. उजेडासमोर धरला तर उजेड आरपार झिरपतो, चिमटीत जरा जोरात दाबला तर तडकतो. हे पोर्सेलिनचं व्हेनियर: दात छान दिसावा म्हणून त्याच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचा पापुद्रा.

नीट बसवलेलं, नीट जपलेलं असं व्हेनियर दहा-पंधरा वर्षं सहज टिकतं. एवढी ताकद त्याला खालच्या दाताकडून मिळते, त्यातही एनॅमलकडून, म्हणजे दातावरच्या बाहेरच्या कठीण थराकडून. म्हणून आपण एनॅमलपासूनच सुरुवात करू.

एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा होतात. मोडलेलं हाड जुळतं, खरचटलेली कातडी भरून येते. घासून काढलेलं एनॅमल मात्र परत येत नाही. शिवाय ते मुळातच पातळ. पटाशीच्या दाताच्या चावायच्या कडेला मिलिमीटरभर, हिरडीजवळ त्याच्या निम्म्याहून कमी.

१९२८च्या सुमारास कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस चित्रपटातल्या नटनट्यांसाठी असे पातळ पापुद्रे बनवत. कवळी चिकटवायच्या पावडरीवर ते तात्पुरते तग धरायचे. चित्रीकरण संपलं की काढून ठेवायचे. पक्कं चिकटवायचं साधनच नव्हतं. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिलं, की फॉस्फोरिक आम्ल लावून धुतलं की एनॅमल सूक्ष्म खडबडीत होतं आणि त्या खाचखळग्यांत रेझिन, म्हणजे आधी पातळ आणि मग घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, रुतून बसतं. पुढे १९८०च्या दशकात पोर्सेलिनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लाने तशीच खडबडीत करता आली. दोन्हीकडे खाचा, मधे रेझिन. आजचं व्हेनियर उभं आहे ते या पकडीवर.

एनॅमलच्या खाली डेंटिन. पिवळसर, त्यामानाने मऊ, ओलसर, सूक्ष्म नलिकांनी भरलेलं. तिथली पकड एनॅमलइतकी भरवशाची नसते. आणि नलिका उघड्या पडल्या, की गार पाण्याचा घोटसुद्धा झोंबतो.

व्हेनियरला जागा करायला दात यंत्राने थोडा घासून घेतात. म्हणून खुर्चीत बसल्यावर, दात किती पांढरे होतील हे विचारण्याआधी विचारा: माझा दात किती घासणार? कुठे घासणार? आणि हेही विचारा, की हे व्हेनियरच आहे ना, का अख्ख्या दातावर टोपीसारखी बसणारी कॅप? कॅपसाठी दात चारही बाजूंनी कोरावा लागतो. २००२ सालच्या एका अभ्यासात याची मोजणी झाली: हिरडीवर दिसणाऱ्या दाताचा व्हेनियरसाठी ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. कीड नसलेला, धडधाकट दात निव्वळ दिसण्यासाठी एवढा कोरला गेला, की मला मनापासून हळहळ वाटते.

कधीकधी व्हेनियरची गरजच नसते. नुसता पिवळेपणा असेल, तर आधी व्हाइटनिंग. दात वाकडे असतील, तर तारा किंवा अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे. कोपऱ्याचा टवका उडाला असेल, तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिन, भरून बरेचदा दात न कोरता काम होतं. ते लवकर डागाळतं, पण दुरुस्तही लवकर होतं. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे करडे पट्टे, फ्लोरोसिसचे (जास्त फ्लोराइडमुळे पडणारे) खोल डाग, झिजून आखूड झालेल्या कडा, अशा ठिकाणी मात्र व्हेनियर खरोखर उपयोगी पडतं. ज्यांनी वर्षानुवर्षं तोंडावर हात धरून हसू दाबलं, त्यांच्यासाठी ही चैन नाही. हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी त्या बऱ्या करायच्या. झोपेत दात खायची सवय असेल तर तेही आधीच सांगायचं, म्हणजे रात्रीसाठी गार्ड बनवता येतो.

दाताला यंत्र लागण्याआधीचा एक टप्पा फार मोलाचा, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. दातांच्या साच्यावर मेणाने नवे आकार घडवतात. त्यावरून सिलिकॉनचा ठसा घेतात, त्यात तात्पुरतं रेझिन भरून न घासलेल्या दातांवर दाबतात. काही मिनिटांत नवं हसू आरशात. आता बोलून बघायचं. "वारा", "वीज", "विहीर". व म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकते. दात लांब झाले असतील तर ओठ अडखळतो. पसंत नाही पडलं? रेझिन काढून टाकलं, की दात होते तसेच.

रंगही इथेच ठरवावा, दिवसाच्या उजेडात. खरा दात एकरंगी नसतो: हिरडीजवळ उबदार, कडेला जवळजवळ पारदर्शक. पोर्सेलिन नंतर व्हाइटनिंगने उजळत नाही, त्यामुळे शेजारचे दात उजळायचे असतील तर ते आधी.

आणि मग बसवण्याचा दिवस. दात कोरडा केलेला. आम्लाचा लेप काही सेकंद, पाण्याचा फवारा, हवेची फुंकर. एनॅमल खडूसारखं पांढरंधोप दिसू लागतं. व्हेनियर अलगद टेकवलं जातं. कडेतून चिकटवायच्या रेझिन सिमेंटची बारीक रेघ बाहेर येते, ती ब्रशने टिपली जाते. सिमेंट घट्ट करणारा निळा दिवा पेटतो. दातांच्या फटीतून फ्लॉस फिरतो, आणि चिमटीत तडकला असता असा तो तुकडा आता नखानेही चाचपून वेगळा लागत नाही.