मशेरी किती वाजता लावतेस?

नमस्कार. समोर इंटर्नशिपला निघालेली मुलं आहेत आणि त्यांना शिकवणारे माझे सहकारीही आहेत. दोघांनाही एका घराच्या ओट्यावर घेऊन जातो.

आमचा एक इंटर्न गृहभेटीला गेला होता. सोबत आशाताई, मागे मी. घरात सहावा महिना लागलेली एक मुलगी, आणि तव्यावर मशेरी, म्हणजे दातांना लावायची तंबाखू, भाजल्याचा वास. इंटर्न लगेच म्हणाला, "ताई, मशेरी सोडा. तोंडाचा कॅन्सर होतो, बाळाचं वजन कमी भरतं." त्याचा शब्द न् शब्द खरा होता. ती "हो डॉक्टर" म्हणाली आणि डबी पदराआड सरकवली. हा पुढच्या घराकडे वळला. आशाताई मात्र तिथंच टेकल्या.

"किती वाजता लावतेस गं?"

"दिवसातनं चारदा. पण पहिली पहाटंच लागती."

"आणि नाही लावली तर?"

"पोट साफ होत न्हाई, मावशी. उजाडायच्या आत जाऊन यावं लागतं ना."

घरात संडास नव्हता. पहाटेच्या अंधारात उरकलं नाही, तर दिवसभर कळ काढायची. तंबाखूनं आतड्यांची हालचाल वाढते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या शरीराला ते ठाऊक होतं. व्यसन होतंच, पण त्याला एक कामही नेमून दिलेलं होतं. इंटर्न परत आला आणि खाली बसला. आरोग्य संवर्धन तो शिकला ते त्या क्षणापासून, असं मी मानतो.

1986 साली ओटावाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेल्या सनदेत आरोग्य संवर्धनाची व्याख्या आहे: आपल्या आरोग्यावर लोकांचा स्वतःचा ताबा वाढावा आणि ते सुधारता यावं, यासाठी त्यांना समर्थ करणं. आपली मुलं ती परीक्षेत बिनचूक लिहितात. पण ताबा कशानं सुटलाय, हे त्या ओट्यावर बसल्याशिवाय कसं कळणार?

डॉक्टरनं समाजात शिकावं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीनं 1946 साली 'सामाजिक वैद्य' घडवण्याची भाषा केली. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 मध्ये सुरू झालं, आणि तिथल्या मुलांची पहिल्याच वर्षी दत्तक गावात शिबिरं होत आली आहेत. आता देशभरच्या एमबीबीएसच्या मुलांना कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. मात्र गावात नेऊन सोडलं की मूल शिकतं, हे मला पटत नाही. बसमधून उतरायचं, फॉर्म भरायचे, हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं, फोटो काढायचा, परत. तिथं तो पाहुणा असतो. वॉर्डात मात्र त्याच्या नावावर खाट असते, चुकलं तर सिस्टर विचारतात, म्हणून तो वॉर्डात शिकतो. इंटर्नशिपमध्ये जनऔषधवैद्यकशास्त्राला, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाचं आरोग्य शिकवणाऱ्या आपल्या पीएसएमला, 12 आठवडे आहेत. तेवढ्या काळात पाच घरं आणि प्रत्येक घरातली एकच अडचण त्याच्या नावावर करा. बारा गोष्टींवर भाषण नको.

हे ओपीडीतही करता येतं. बीपीच्या रुग्णाला गोळी लिहिता लिहिता आपण "मीठ कमी करा" म्हणतो. किती कमी? जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. मी इंटर्नला विचारायला लावतो: स्वयंपाक कोण करतं, जेवणारी माणसं किती, आणि मिठाची किलोची पिशवी किती दिवस पुरते? चार माणसांत महिन्याला किलोभर संपत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर गेलं. हिशोब ढोबळ आहे. लोणचं, पापड, बाहेरचं फरसाण यात धरलेलंच नाही. पण स्वयंपाक करणारी बाई समोर बसून हा हिशोब ऐकते, तेव्हा "मग पिशवी दीड महिना पुरवून बघते" असं ती स्वतः म्हणते.

सहकाऱ्यांना एक कळकळीची विनंती. आशाताई, गावपातळीवरच्या परिचारिका म्हणजे एएनएम सिस्टर, यांना मुलांचे शिक्षक माना आणि मुलांसमोर तसं बोलून दाखवा. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्यानं 1970 पासून गावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. त्यांच्याकडून शिकण्यात डॉक्टरला कमीपणा कसला? आणि मुलांच्या लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, नुसती सही ठोकू नका. मी तीन ओळी मागतो: मी काय म्हणालो, ती काय म्हणाली, मग मी काय बदललं.

त्या इंटर्ननं पोस्टिंग संपेपर्यंत त्या घरी सहा फेऱ्या मारल्या. एकदा सासूशी बोलला. दोनदा ग्रामसेवकाकडे बसला, संडासाच्या 12,000 रुपयांच्या अनुदानाचा अर्ज घेऊन. त्याच्या लॉगबुकातली शेवटची नोंद माझ्याकडे आहे: "मशेरी चारदाची एकदा झाली. पहाटेची अजून सुटलेली नाही. खड्डा खणून झालाय, भांडं यायचं आहे."