चार मिनिटं म्हणजे तीनशे साठ फूट

(फिल्म सोसायटीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फलकावर विषय लिहिलाय ‘हिमांशू रॉय आणि त्यांचे समीक्षक’. रॉय म्हणजे मूकपटांच्या काळापासूनचे नट-निर्माते, मुंबईत बॉम्बे टॉकीज हा चित्रपट स्टुडिओ उभा करणारे. तुम्ही सगळी सिनेमा बघणारी माणसं आहात. बॉम्बे टॉकीज काय होती, मालाडला कुठं होती, हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. पण विषयाकडे वळण्याआधी एक काटा काढायचाय. तो निघाल्याशिवाय या माणसाबद्दल नीट बोलताच येत नाही.

काटा म्हणजे ‘कर्म’मधलं चुंबन.

१९३३ चा चित्रपट. नायक हिमांशू रॉय, नायिका देविकाराणी, खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पुरवणीत येतं की या चित्रपटात चार मिनिटांचं चुंबन आहे आणि त्यावरून देशभर गदारोळ झाला. आता हिशेब करू. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा फ्रेम, म्हणजे सोळा चित्रं, बसतात. बोलपट सेकंदाला चोवीस फ्रेमनं चालतो, म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला नव्वद फूट. चार मिनिटं म्हणजे तीनशे साठ फूट. हजार फुटांचं एक रीळ धरलं तर त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग! आणि अख्खा चित्रपट सुमारे ६८ मिनिटांचा. एवढं फुटेज एका चुंबनावर घालणारा संकलक १९३३ साली लंडनमध्येच काय, कुठंही मिळाला नसता.

प्रसंग डोळ्यांसमोर आणा. राजपुत्राला नाग चावलाय, तो शुद्धीवर नाही. राजकन्या त्याला जागं करायला धडपडतेय, पुन्हा पुन्हा त्याचं चुंबन घेतेय. मध्ये कट आहेत, चेहरे आहेत, हाका आहेत. सगळे तुकडे जोडले तरी चार मिनिटांच्या जवळपास जात नाहीत. शृंगार म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, तो खरं तर आकांताचा प्रसंग आहे. त्यात नायक बेशुद्ध आहे, हे सांगायला सगळे विसरतात.

आणि गदारोळ? त्या काळी पडद्यावरचं चुंबन ही नवलाई नव्हती. रॉय यांच्याच १९२९ च्या ‘प्रपंच पाश’ या मूकपटात चारू रॉय आणि सीता देवी यांचं चुंबन आहे, तेही चांगलं निवांत. मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथली सेन्सॉर बोर्डं १९२० पासून काम करत होती. त्यांचं लक्ष राजकारणाकडे जास्त, ओठांकडे कमी. चुंबन पडद्यावरून गेलं ते पुढं, स्वातंत्र्यानंतर. आपण नंतरचा सोवळेपणा मागं नेऊन १९३३ वर चिकटवला आणि एका चित्रपटाची सगळी समीक्षा त्या एका ओळीत बुडवली.

माझी चीड एवढ्यासाठीच आहे. चुंबनावर बोलण्यात ‘कर्म’ची खरी गोष्ट राहून जाते, आणि ती फार मोलाची आहे. हा चित्रपट इंग्रजी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत केला. तेव्हा संवाद चित्रीकरणातच ध्वनिमुद्रित व्हायचे. मग दोन भाषांसाठी काय करायचं? दिवे तेच, कॅमेऱ्याची जागा तीच, आधी एका भाषेतला टेक, लगेच दुसऱ्या भाषेतला. फिल्म दुप्पट, श्रम दुप्पट. शिवाय वाक्याची लांबी भाषेगणिक बदलते. इंग्रजी वाक्याच्या मापानं बसवलेली हालचाल हिंदी वाक्यात अपुरी पडते, नाहीतर उरते. नट ज्या भाषेत मोकळा असतो त्या टेकमध्ये जीव येतो, दुसऱ्यात पाठांतर ऐकू येतं. देविकाराणी इंग्लंडमध्ये शिकलेल्या. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या रूपाइतकीच त्यांच्या इंग्रजी उच्चारांची वाखाणणी केली. आता बघा: तिथल्या समीक्षकाला जी गोष्ट सर्वांत जास्त भावली, ती हिंदी आवृत्तीत असणंच शक्य नव्हतं! हिंदी आवृत्ती इथं चालली नाही. लोक म्हणतात, ‘लंडनला कौतुक झालं आणि आपल्याला कदर नव्हती.’ अहो, दोघांनी पाहिलेला चित्रपट एकच नव्हता.

तीच गत वेगाची. मूकपट हातानं दांडा फिरवून टिपायचे, वेग ठरलेला नसायचा. हजार फुटांचं रीळ सेकंदाला सोळा फ्रेमनं दाखवलं तर सोळा मिनिटं चाळीस सेकंद चालतं, चोवीसनं दाखवलं तर अकरा मिनिटं सात सेकंद. तोच प्रसंग एका थिएटरात संथ वाटतो, दुसऱ्यात माणसं तुरूतुरू पळतात. जुन्या परीक्षणात ‘संथ’ हा शब्द दिसला की मी आधी प्रोजेक्टरबद्दल विचारते. आणि संगीताबद्दलही. ‘प्रपंच पाश’ २००७ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गार चौकात नितीन साहनींच्या संगीतासह दाखवला. रॉय यांचाच दुसरा मूकपट ‘शिराझ’ २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह आला. दोन्ही कामं सुंदर आहेत. पण आजच्या परीक्षणात जे कौतुक होतं त्यातलं किती १९२०-३० च्या दशकातल्या चित्रांचं आणि किती आजच्या वाद्यांचं, हे वाचताना वेगळं काढावं लागतं.

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे मुख्य मुद्दा आता भरभर मांडते.

मुद्दा असा: दोन संस्कृतींमध्ये उभा राहून काम करणाऱ्याबद्दल समीक्षक जे लिहितो, त्यातलं बरंचसं त्या कामानंच त्याच्या हातात दिलेलं असतं. पुरावा ‘प्रेम संन्यास’, इंग्रजीत ‘द लाइट ऑफ एशिया’, १९२५. मूळ कविता एडविन अर्नल्ड यांची, १८७९ ची. पटकथा निरंजन पाल यांची, दिग्दर्शन म्युनिकच्या फ्रान्झ ऑस्टेन यांचं. गौतमाची भूमिका स्वतः रॉय यांनी केली. चित्रण जयपूर संस्थानच्या मदतीनं झालं. सुरुवातीलाच पाटी येते की इथं स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, रंगरंगोटी नाही. मग भारत बघायला आलेले युरोपीय प्रवासी दिसतात आणि एक म्हातारा त्यांना बुद्धाची गोष्ट सांगू लागतो. म्हणजे प्रेक्षकाची खुर्ची कुठं मांडायची ते पहिल्या रिळातच ठरलं. लंडनच्या समीक्षकानं ‘अस्सल भारत’ म्हणून दाद दिली, तेव्हा तो बराचसा त्या पाटीचाच प्रतिध्वनी होता. १९२६ मध्ये विंडसर किल्ल्यात राजा पाचवा जॉर्ज याच्यासाठी खास खेळ झाला.

इथल्या प्रेक्षकाला त्या प्रवाशांची गरज नव्हती. त्याला बुद्धाची गोष्ट माहीत होती. शिवाय जयपूरच्या दरबारी हत्तींच्या झुली अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कपिलवस्तूत कशा, हेही त्याला दिसत होतं. लंडनला जे अस्सल वाटलं, ते इथल्या जाणत्या नजरेला कालविसंगत. दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत. इथं चित्रपट चालला नाही याला ‘प्रेक्षक अडाणी’ हे उत्तर मी कधीच मान्य करणार नाही.

शेजारी आपला ‘संत तुकाराम’ ठेवा. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. त्यात कुणी प्रवासी नाही, समजावून सांगणारा म्हातारा नाही. मराठी माणसासाठीच केलेला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. रॉय यांनी तोवर आपली वाट बदलली होती. १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभी केली, ऑस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग यांना मालाडला आणलं, आणि खुर्ची फिरवली: प्रेक्षक आता इथला. १९३६ च्या ‘अछूत कन्या’त प्रकाशयोजना जर्मन हातांची आहे, गोष्ट मात्र कुणा परक्याला समजावून सांगितलेली नाही. त्यांच्या टीकाकारांना मिळालेलं खरं उत्तर मला या बदलात दिसतं. ते लेखात नाही, कामात आहे. पुढं १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि स्टुडिओतले जर्मन स्थानबद्ध झाले. १९४० मध्ये रॉय गेले. या सहा वर्षांवरच खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

वेळ संपली. आता ‘प्रेम संन्यास’ लावायचाय. प्रोजेक्शनवाल्या दादांना वेग सेकंदाला अठरा फ्रेम ठेवायला सांगितलाय, संगीत लावायचं नाही असंही ठरलंय. पहिली पाटी पटकन जाते, तेव्हा मागच्यांनी थोडं पुढं सरकून बसा. दिवे घालवायला हरकत नाही.