निकाची गाडी, निकाचं घर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर १९५८. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातून एक बेंटली गाडी बाल्टिमोरकडे निघालीये. चालवणारी बाई गोरी आहे. सोबत दोन काळे जॅझ वादक, पियानोवाला थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवाला चार्ली राउझ. मंकला तहान लागते. वाटेत एका मोटेलपाशी गाडी थांबते आणि तो आत जाऊन पाणी मागतो.

पाणी मागितलं, एवढंच. तेवढ्यावरून पोलीस येतात. गाडीतून उतर म्हणतात, तो उतरत नाही, दार घट्ट धरून बसतो. मग त्याच्या हातांवर दंडुके पडतात. हातांना मारू नका, असं ती बाई विनवतेय. पियानो वाजवणाऱ्याचे हात आहेत हो ते.

झडतीत थोडा गांजा सापडतो आणि ती बाई सांगते, तो माझा आहे.

ती असं का म्हणाली, हे कळायला तेव्हाचा न्यूयॉर्कचा एक नियम माहीत हवा. जिथे दारू मिळते त्या क्लबमध्ये वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागायचं. अमली पदार्थाच्या केसमध्ये सापडलात की कार्ड जप्त. मंकचं कार्ड १९५१ मध्ये असंच गेलं होतं आणि १९५७ पर्यंत शहरातल्या क्लबांचे दरवाजे त्याला बंद होते. ऐन उमेदीची सहा वर्षं! पुन्हा तेच होऊ नये म्हणून तिने दोष अंगावर घेतला. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. अपील झालं, झडतीच बेकायदा होती म्हणून १९६२ मध्ये ती सुटली. तोवर तीन वर्षांहून जास्त काळ डोक्यावर टांगती तलवार. आणि एवढं करूनही मंकचं कार्ड काही काळासाठी गेलंच.

कोण ही बाई? पॅनोनिका द कोनिग्सवार्टर. सगळे निका म्हणायचे. जन्म १९१३, लंडन, माहेर रॉथशिल्ड. हो, तेच बँकवाले रॉथशिल्ड. वडील चार्ल्स यांचा जीव मात्र किड्यांत रमायचा. प्लेग पसरवणाऱ्या उंदरावरच्या पिसवेचं शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये त्यांनीच केलं. मुंबई-पुण्याने ज्या प्लेगमध्ये माणसं गमावली ना, त्याच्यामागची हीच ती पिसू. मुलीचं नावही त्यांनी एका पतंगावरून ठेवलं. मंक तिच्यावरची धून वाजवताना लोकांना सांगायचा की हे नाव फुलपाखराचं आहे. असू दे, फुलपाखरू तर फुलपाखरू.

लग्न एका फ्रेंच बॅरनशी, पाच मुलं, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत हिटलरविरुद्ध लढणाऱ्या फ्री फ्रेंच फौजांसाठी काम, मग नवऱ्याची राजदूतावासातली नोकरी. एकदा न्यूयॉर्कहून परत निघताना ती विमानतळाच्या वाटेवर पियानोवादक टेडी विल्सनकडे थांबली. त्याने मंकची ‘राउंड मिडनाइट’ ऐकवली. ती सांगायची, वीस वेळा तीच रेकॉर्ड लावायला लावली आणि विमान चुकलं. पुढे ती न्यूयॉर्कचीच झाली.

किंमत मोठी पडली. मार्च १९५५ मध्ये नामवंत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आजारी अवस्थेत तिच्या हॉटेलातल्या खोलीवर आला. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात चला. तो ऐकेना. तिने आणि तिच्या मुलीने त्याची शुश्रूषा केली. बारा तारखेच्या रात्री टीव्हीवर कार्यक्रम बघता बघता तो गेला. वय ३४. शरीराची अशी दशा झाली होती की डॉक्टरांना तो पन्नाशीच्या पुढचा वाटला. वर्तमानपत्रांनी निकाची यथेच्छ बदनामी केली, हॉटेलने खोली सोडायला सांगितलं, नवऱ्याने घटस्फोट घेतला आणि धाकट्या मुलांचा ताबाही त्याच्याकडे गेला. मी तिला देवी करून बसवणार नाही. त्या मुलांच्या वाट्याला काय आलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

वादकांची घरभाडी, किराणा, दवाखान्याची बिलं ती भरायची, हे खरं. पण रॉथशिल्डच्या लेकीला पैसे देणं जड नव्हतं. मला तिचं मोठेपण दिसतं ते रात्री दोन वाजता गाडी काढण्यात, पोलिसांपुढे उभं राहण्यात. आणि विचारण्यात! तीनशे वादकांना तिने एकच प्रश्न विचारला: तुझ्या तीन इच्छा कोणत्या? उत्तरं वहीत लिहून ठेवली. काळा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस, त्याचं उत्तर एकाच ओळीचं होतं, गोरा व्हायचंय. वाचल्यावर मी बराच वेळ पान उलटलं नाही. मंक म्हणाला, संगीतात यश, सुखी संसार आणि तुझ्यासारखी वेडी मैत्रीण. त्यावर ती म्हणाली, अरे, हे तिन्ही तर तुझ्याकडे आहेच की!

हडसन नदीपलीकडे वीहॉकनला तिचं घर होतं. समोर सगळं मॅनहॅटन आणि घरात मांजरंच मांजरं. मंक शेवटची दहाएक वर्षं तिथेच राहिला. त्याची बायको नेली हिचीही निकाशी दोस्ती होती, तीही ये-जा करायची. खोलीत पियानो होता, पण तो जवळपास वाजवायचाच नाही. तो न वाजवणारा मंकही त्या घरात मंकच होता. १९८२ मध्ये तो गेला.

१९८८ मध्ये निका गेली. त्याच घरात पियानोवादक बॅरी हॅरिसही राहायचा. तिच्यानंतरही त्याला कुणी तिथून उठवलं नाही. २०२१ च्या डिसेंबरात, म्हणजे तिच्यामागे तेहेतीस वर्षांनी, तो वारला. तोवर तो त्याच घरात होता.