सुईने गुंफलेले कापड: कागद कारखान्यातले फेल्ट

नमस्कार. माझ्या हातातला हा तुकडा पाहून तुम्हाला जाड घोंगडी आठवेल, पण तो कागद कारखान्यात वापरून उतरवलेल्या फेल्टचा आहे. त्याची कापलेली कड पाहा: मध्ये नायलॉनच्या जाड धाग्यांची वीण आहे आणि तिच्या अंगावर तंतूंचा दाट थर. हा थर शिवलेला नाही, चिकटवलेलाही नाही, तरी नखाने उचकटत नाही.

यंत्राच्या जाळीवरून उतरलेल्या कागदात सुमारे ८० टक्के पाणी असते. रुळांच्या दाबाखाली ते शोषून घेण्याचे काम फेल्ट करते, आणि तिथे जितके पाणी निघेल तितकी पुढे कागद सुकवण्याची वाफ वाचते. अमेरिकेतील ऑल्बनी शहरात १८९५ साली ऑल्बनी फेल्ट कंपनी स्थापन झाली, त्या काळी फेल्ट लोकरीचे असे. विणलेले कापड साबणाच्या पाण्यात रगडले की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकत आणि कापड आटून घट्ट होई. नायलॉनला खवले नाहीत. म्हणून तिथे सुई आली.

आधी पायाचे कापड रुंद मागावर, पुष्कळदा नळीसारखे अखंड विणतात, कारण सांध्याची खूण ओल्या कागदावर उमटू शकते. अशा विणीत मागावरचा बाणा, म्हणजे आडवा धागा, कागदयंत्रावर लांबीच्या दिशेने धावतो आणि सगळा ताण तोच सोसतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. मग नायलॉनचे आखूड तंतू पिंजून त्यांचा पातळ थर पायावर अंथरतात आणि सुयांच्या फळीखालून नेतात. या सुईला नेढे नसते; तिच्या धारांवर बारीक खाचा असतात. खाली जाताना त्या खाचा थोडे तंतू पकडून विणीच्या आरपार ओढतात, वर येताना सुई रिकामी येते आणि तंतू तिथेच अडकून राहतात. असे थरावर थर चढतात: आत जाडसर तंतू, कागदाला टेकणाऱ्या बाजूला बारीक, म्हणजे पाण्याला वाट मिळते आणि कागदावर वळ उठत नाहीत.

शेवटी फेल्ट धुऊन, दोन रुळांवर ताणून उष्णतेने स्थिर करतात आणि त्यातून हवा किती जाते ते रुंदीभर मोजतात, कारण एखादा पट्टा जास्त घट्ट झाला तर कागदातही तेवढाच पट्टा ओला राहतो. आता या तुकड्याची ही बाजू पाहा. काही आठवड्यांच्या दाबाने तंतू झिजले आहेत आणि पायाचे धागे वर दिसू लागले आहेत. म्हणूनच हे फेल्ट यंत्रावरून उतरवावे लागले.