उसाला मिळालं ते तुरीला कधी?

[दृश्य: पहाट, कारखान्याच्या गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, वजनकाटा]

लातूर, धाराशिव, बीड, परभणी, कुठंही जा, दिवाळीनंतर रस्त्यावर हेच दिसणार. उसानं गच्च भरलेल्या ट्रॉल्या, एकामागं एक. बाहेरून आलेला माणूस लगेच विचारतो, अहो, प्यायला पाणी नाही म्हणता आणि ऊस कसा काय लावता? प्रश्न बरोबरच आहे. मराठवाड्यात पाऊस पडतो साधारण 700 मिलिमीटरच्या आतबाहेर आणि उसाला लागतं 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी, म्हणजे वरचं सगळं धरणातनं नाहीतर बोअरमधनं उपसायचं. 2016 ला मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला, पहिल्या खेपेला 10 वाघिणी आल्या, एकेकीत 50,000 लिटर. ती गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली.

पण शेतकऱ्याला नावं ठेवायच्या आधी जरा त्याच्या बाजूनं बघू.

उसाची नोंद कारखान्यात होते. तोड आली की टोळी कारखान्याची, गाडी कारखान्याची, काट्यावर वजन आणि पैसे बँकेत. भाव केंद्र सरकार ठरवतं, त्याला एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर म्हणतात, आणि कायद्यानं 14 दिवसांत बिल द्यायला लागतं. बिलं थकतात, त्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं, हे सगळं खरंय. तरी ज्वारीला, तुरीला, सोयाबीनला यातलं काय आहे? म्हणून माणूस उसाकडं जातो, त्यात त्याचा हिशोब पक्का आहे.

आणि ही व्यवस्था आभाळातनं पडली नाही, ती सहकारानं उभी केली. 1950 च्या आसपास नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडनं शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ पाठीशी उभा राहिला, आणि सावकाराच्या वहीत अडकलेला माणूस कारखान्याचा मालक झाला. मराठवाडा तर 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राजवटीतनं सुटलेला, त्यामुळं आपल्याकडं हे वारं जरा उशिरा आलं. पण कारखाना आला तिथं डांबरी रस्ता आला, कॉलेज आलं, पोरं शिकली. ते विसरून चालणार नाही.

[दृश्य: आडत बाजार, सोयाबीनचे कट्टे, मॉईश्चर मीटर]

आता हे बघा. ऑक्टोबर महिना, रास होऊन चार दिवस झालेत, डोक्यावर दिवाळी, गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज, किराणा दुकानाची उधारी. शेतकरी टेम्पो भाड्यानं करून सोयाबीन आडतीवर आणतो. मूठभर दाणे मीटरमध्ये टाकतात, ओलीचा आकडा येतो 15, 16 टक्के. हमीभावाच्या खरेदीला 12 च्या आत लागतो. मग ओल जास्त म्हणून भाव कमी, माती-काडी आहे म्हणून आणखी कमी, हमाली, तोलाई वेगळी, आणि हातात विक्रीच्या हिशोबाची पट्टी येते तेव्हा माणूस ती दोनदा वाचतो. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, पण तो कागदावरचा. सगळ्यांनी एकाच महिन्यात माल आणला की भाव पडणारच, आणि थांबायची ताकद एकट्याकडं नसते.

ही थांबायची ताकद, ती सहकारानं द्यायची असते.

गावात सोसायटीचं गोदाम पाहिजे, एक चाळणी मशीन, ज्याला ग्रेडिंग मशीन म्हणतो ते, माल वाळवायला सिमेंटचा खळा, आणि शेतमाल तारण कर्ज. ही तारण योजना काय नवीन नाही, पणन मंडळाची आहे, 1990-91 पासून चालू आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी उचलायची. दिवाळी भागते, माल आपलाच राहतो, भाव वाढला की विकायचा. इतकी साधी गोष्ट. पण किती गावांत माहितीये? आणि माहिती असली तरी दहा कट्ट्यांसाठी तालुक्याला कोण जाणार, म्हणून ते गावातच पाहिजे.

तुरीचं तर मला फारच वाईट वाटतं. कमी पाण्यावर येणारं पीक, मूळ खोल जातं, जमिनीला नत्र देतं, सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून सहज बसतं. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालंय. आणि आपला शेतकरी तूर विकतो आणि वर्षभर डाळ विकत घेतो! शेतकरी उत्पादक कंपन्या 2002 च्या कायदा-दुरुस्तीनंतर निघाल्या, नाव कंपनी पण नियम सहकाराचा, शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. ज्यांनी डाळमिल टाकली, स्वतःचं बियाणं केलं, त्यांची वाट बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: शेतात बायका, एका ड्रममध्ये जीवामृत ढवळताना]

किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993. पडलेली घरं परत बांधताना लातूर-धाराशिवच्या बायका पहिल्यांदा घराबाहेर पडून मीटिंगला बसायला लागल्या. त्यातनं बचत गट वाढले, स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं पुढं एक एकर शेतीचं काम उभं केलं. बाईनं घरच्यांकडं फक्त एक एकर मागायचं. त्यात ऊस नाही, सोयाबीनही एकट्यानं नाही, भाजीपाला, मूग, उडीद, ज्वारी, जवस असं मिसळून, शेण-गोमूत्र-गुळ-बेसनाचं जीवामृत घरीच, आधी घरातल्या लेकरांच्या ताटात आणि उरलं तर बाजारात. दुष्काळात नवऱ्याचं नगदी पीक गेलं तरी या एकरात काहीतरी हिरवं राहिलं. शाश्वत विकास म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आधी हे रान दाखवीन.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या उसावर एवढा सहकार उभा राहिला तो ऊस तोडतो कोण? बीड जिल्ह्यातनं दसरा-दिवाळीला गाड्या भरून माणसं निघतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशोबात एक कोयता, मुकादमाकडनं आगाऊ उचल घेतलेली, आणि मार्च-एप्रिलपर्यंत पालात संसार. त्यांचा शेअर नाही, मत नाही, लेकरांची शाळा अर्ध्यातनं सुटते. ज्याच्या घामावर गाळप होतं त्याला सभासद करायचं कुणाला सुचलं नाही, आणि गावाकडं त्याच्या कोरडवाहू दोन एकराला बाजार मिळाला असता तर तो कोयता घेऊन गेलाच नसता.

[दृश्य: सोसायटीचं ऑफिस, भिंतीवर नोटीस बोर्ड]

सहकार कुठं बुडाला तेही बघितलंय आपण. काही जिल्हा बँकांत ठेवी अडकल्या, कारखाने भाड्यानं गेले, सूतगिरण्यांच्या जागेवर बाभळी उगवल्या. दुष्काळानं काही बुडाले, पण बरेचसे सभासदानं हिशोब विचारणं सोडलं तिथंच बुडाले. मार्चला कर्जाचं नवं-जुनं करून घेतलं, म्हणजे जुनं फेडल्याचं दाखवून नवं उचललं, सही केली, चहा घेतला, संपलं.

2025 हे संयुक्त राष्ट्रांनी सहकार वर्ष म्हणून जाहीर केलं, कार्यक्रम झाले, बॅनर लागले. गावातलं काम मात्र वार्षिक सभेत होतं. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत ती घ्यावीच लागते, आणि सहकार कायद्याच्या कलम 32 नुसार सभासदाला उपविधी म्हणजे संस्थेचे नियम, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि स्वतःचा खातेउतारा बघायचा हक्क आहे. यंदा त्या सभेला जा, बायकोच्या किंवा आईच्या नावावर शेअर असेल तर त्यांनाही सोबत न्या, आणि गोदामाचा विषय लेखी द्या: जागा कोणती, पैसा कुठनं, यंदाच्या तुरीआधी होईल का. उत्तर सभेच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहून घ्यायला सांगा.