संकष्टीच्या आसपासचा रविवार

बेळगावहून पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटर. सकाळी नाश्ता करून गाडीनं निघालं की दुपारच्या जेवणाला मांडवीचा काठ. आपल्याकडचे बहुतेक लोक गोवा असाच गाठतात. आपण ज्यांना भेटणार आहोत ती मंडळी हेच अंतर तीन दिवसांत कापणार आहेत, सायकलवरून. एवढा खटाटोप एका पुलासाठी चालला आहे. रायबंदर ते पणजी असा, मांडवीच्या खाडीकाठानं जाणारा, तीन किलोमीटरहून थोडा लांब असा तो जुना पूल.

(दृश्य: खानापूर. घराची पडवी, जमिनीवर पसरलेला नकाशा, चहाचे कप.)

बैठकीला दोन निवृत्त शिक्षक, एक काजूचे व्यापारी, बँकेत काम करणाऱ्या ताई आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा. पहिला प्रश्न, पूल कुठला? कारवारला काळी नदीच्या मुखावरचा पूल सगळ्यांच्या मनात होता. पण तिथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर नदीत कोसळला आणि महामार्गाची दोन्हीकडची वाहतूक शेजारच्या पुलावर आली. ट्रकांच्या त्या गर्दीत रमतगमत सायकल कोण चालवणार?

"मग अटल सेतूवरनं जाऊया की, सर," भाचा म्हणाला.

"तिथं दुचाकीला सोडत नाहीत रे. सायकलचं तर नावच नको."

पणजीचा अटल सेतू २०१९ साली सुरू झाला, पाच किलोमीटरहून लांब आहे, आणि तो मोटारींसाठीच आहे. राहिला रायबंदरचा पूल. खरं तर सायकलसाठी तोच सगळ्यांत चांगला. उंच चढ नाही, केबल नाहीत, रस्ता पाण्याच्या अगदी जवळून जातो.

(दृश्य: पूल. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी.)

हा पूल १६३३-३४ मध्ये बांधला गेला. पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट लिन्हारिस याच्या कारकिर्दीतला, म्हणून त्याचंच नाव त्याला मिळालं. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात होती. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये दलदल, भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. त्यातून जांभ्या दगडाचा हा रस्ता काढला आणि खाली कमानी ठेवल्या. या कमानींना मी फार मानतो. नुसता बांध घातला असता तर भरतीचं पाणी अडलं असतं आणि आतली सगळी पाणथळ जागा मेली असती. कमानींमुळे पाणी रोज आत येतं, रोज बाहेर जातं. म्हणून चारशे वर्षं होत आली तरी पलीकडे खारफुटी आहे, मिठागरं आहेत, बगळे येतात.

आणि हे पाणी आपलं आहे. गोव्यात मांडवी म्हणतात ती नदी खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात, देगावच्या बाजूला उगम पावते. तिथं ती म्हादई. ताई सहज बोलून गेल्या, "आमच्या शिवारात पडलेला पाऊस समुद्राला कुठं मिळतो ते बघायला चाललोय." मोहिमेला याहून वेगळं कारण लागत नाही.

(दृश्य: जांबोटीकडे जाणारा रस्ता, दुतर्फा झाडी.)

पहिला दिवस शुक्रवार. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी. माझं मत विचाराल तर त्या दिवशी कणकुंबीच्या पुढे जाऊच नये. इथल्या माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावाजवळचा कळसा नाला पश्चिमेला, म्हादईकडे उतरतो. कळसाचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी खोदलेला कालवाही इथंच दिसतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादानं कळसा आणि भांडुरा हे दोन नाले मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेच्या खोऱ्यासाठी दिलं. कर्नाटक आणि गोव्यातला वाद अजून शमलेला नाही. खाडीच्या पुलावर उभं राहून मांडवी बघायची असेल, तर आधी हा कालवा डोळ्यांनी बघून घ्यायला हवा. एकाच नदीकडे दोन राज्यं दोन बाजूंनी का बघतात, ते इथं कळतं.

दुसरा दिवस चोर्ला घाटाचा. इथं निसर्गवर्णन थोडं बाजूला ठेवूया, कारण घाट म्हणजे ब्रेक. काही तासांत सातेकशे मीटर उतरायचं आहे. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे रबर बदलायचे. एकच ब्रेक धरून सतत उतरायचं नाही. मध्ये थांबून रिम गार होऊ द्यायची. रात्रभर बेळगावची भाजी घेऊन टेंपो आणि ट्रक याच घाटानं गोव्याला जातात, त्यामुळे उजाडायच्या आत निघू नये. ऊन वर आलं, धुकं विरलं की मग उतरावं. पावसाळ्यात हा बेत आखूच नये.

खाली केरी, मग साखळी, मग डिचोली. साखळीला वाळवंटी नदी भेटते, तीही पुढे मांडवीलाच मिळते. मुक्काम डिचोलीला. संध्याकाळी वेळ काढून नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचं. गोव्याच्या कदंबांचं हे कुलदैवत. या कदंबांची दुसरी राजधानी आपल्या खानापूर तालुक्यातली हलशी. देवाचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग खाडी ओलांडून इकडे आलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथं देऊळ बांधून घेतलं. शिक्षकांपैकी एकजण यासाठीच येताहेत. पुलाचं त्यांना फारसं कौतुक नाही, ते तसं मोकळेपणानं सांगतात.

(दृश्य: पंचांग, पेन्सिल, वही.)

आता तारीख. रविवार हवा, कारण इतर दिवशी सकाळी पणजीला कामावर जाणाऱ्यांची गर्दी याच पुलावरून जाते आणि पूल रुंद नाही. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण रविवार कुठला? काजूचे व्यापारी मूळचे मालवणकडचे. त्यांनी पंचांग मागवलं.

"तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल ती भरतीची वेळ."

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, तर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या भरतीला बसतो. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून तिथं आठ ते साडेआठ धरायचे. मग भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहायचं. ओहोटीच हवी, कारण तेव्हाच चिखलपट्टे उघडे पडतात आणि पक्षी खाली उतरतात. थोडक्यात, संकष्टीच्या आसपासचा रविवार. ताईंचा त्या दिवशी उपास असला तर केळी आणि शेंगदाण्याचे लाडू सोबत, तेही ठरलं.

वाऱ्याचाही विचार झाला. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. रायबंदरहून पणजीकडे जाताना आपलं तोंड पश्चिमेला, म्हणजे वारा पाठीशी. दुपारी तो फिरतो आणि समोरून अंगावर येतो. रमतगमत जायचं तर सकाळच गाठायला हवी.

(दृश्य: नार्व्याचा धक्का, फेरीबोट.)

म्हणून रविवारी पहाटे नार्व्याहून फेरीबोटीनं दिवाडी. बेटावरच्या शेतांमधून पलीकडचा धक्का. तिथून दुसऱ्या फेरीनं रायबंदर. आठला पुलाच्या तोंडाशी. एरवी दहा-बारा मिनिटांत संपणारं अंतर, त्याला दीड तास ठेवला आहे. दुर्बीण एकच आहे, ती आलटून पालटून वापरायची. एकामागे एक चालायचं, शेजारी-शेजारी नाही. थांबायचं तर सायकल रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्यायची. समोर नदीपलीकडे चोडण बेट, सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य तिथंच.

परतीची काळजी व्यापाऱ्यांनी मिटवली. भाजी उतरवून रिकामा परतणारा टेंपो सायकली घेऊन येणार, माणसं बसनं. टेंपोवाल्याची अट एवढीच की अकराच्या आत सायकली चढल्या पाहिजेत, चाकांखाली पोती घालायची ती आपण आणायची. घरी पोचल्यावर सायकली गोड्या पाण्यानं धुवून साखळीला तेल लावायचं. खारं वारं लोखंडाला खातं, आणि भाच्याची सायकल नवी आहे.